पिंपाची खुर्ची

दौंडला आमच्या कॉलनीमागं एक सुतार जुनी लाकडी पिंपं फोडून अंगणातल्या खुर्च्या करायचा. प्रत्येक फळी आधी हुंगायचा. रॉकेलचा वास आला की ती चुलीला. फळीचा गोलसर बाक मात्र तसाच खुर्चीच्या पाठीला ठेवायचा. नव्या खुर्चीत गिऱ्हाइकाला आधी बसू देत नसे. "पडायचं तर मी पडंन," म्हणत स्वतः बसायचा आणि चहा मागायचा.

घसरून पडल्यापासून माझे वडील, आबा, भीतीनं खोलीबाहेर येत नव्हते. त्यांच्यासाठी करून घेतलेली खुर्ची सुतारानं आमच्या अंगणात आणून ठेवली आणि तीतही हा तसाच बसला. चहा संपला तरी उठेना. मी खुणावलं, तर मोठ्यानं म्हणाला, "आजून खात्री न्हाई झाली."

तेवढ्यात भिंत धरत आबा अंगणात आले. "ऊठ की आता! खुर्ची माझी हाय."

"व्हय आबा, आता झाली खात्री," म्हणत तो उठला.