समुद्रावर डॉक्टर नाही

आमच्या घरात "फिरायला जातो" असं कुणी एकट्यानं म्हणायचं नसतं. म्हटलं की दहा-बारा माणसांची क्रूझर गाडी ठरते. सेलूकडे सासरी भासरे म्हणजे यांचे मोठे भाऊ, जाऊबाई, त्यांची दोन पोरं, सासूबाई, जावेचा भाऊ, आणि जागा उरलीच तर गावातलं कुणीतरी, ज्याला नेमकं त्याच बाजूला काम निघतं. टपावर गंज म्हणजे मोठं पातेलं, कढई, कणकीचं पोतं. वाटेत झाडाखाली गाडी थांबवायची, रोडगे आणि वांग्याची भाजी करायची. लोक मायेचे आहेत, नाही कोण म्हणतं? पण बोलतात किती, बाप्पा! आणि सगळे एकदम.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. बोलते, पण मोजकं, आणि जे बोलते ते खरंच तसं असतं. दोन माणसं एका वेळी बोलली, कुकरची शिटी झाली, की ती कान दाबून धरते. आवाज थांबला नाही तर जमिनीवर पडून ओरडते. पुतण्याच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, डीजे लागला तेव्हा नवा फ्रॉक घालून ती स्टेजसमोरच आडवी झाली. मी उचलून बाहेर नेलं. नेताना मी तिच्याकडे बघतच नव्हते, कोण कोण बघतंय ते बघत होते. हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

एकच जागा अशी होती की जिथे ती निवांत उभी राहायची. सासरच्या वावरात मोटार सुरू झाली की पाइपातून पाणी हौदात पडतं. त्या धारेत हात धरून ती तासभर हलायची नाही. चेहऱ्यावरची सगळी ओढाताण उतरून जायची. ते बघून एकदा हे म्हणाले, "हिला समुद्र दाखवला पाहिजे."

"मग सांगा क्रूझर!" मी फाडकन म्हणाले.

पण डोक्यात दोघांच्याही तेच बसलं. आपण तिघांनीच जायचं, शांत ठिकाणी, कुणाला न घेता. तिनं समुद्र बघावा आणि तिला कुणी बघू नये, एवढंच मला हवं होतं.

संक्रांत झाल्यावर शाळा सुरू असतात, तेव्हा किनाऱ्यावर गर्दी नसेल असा हिशेब केला. कोकणात एका लहानशा गावात घरगुती खोली शोधली आणि फोन लावला. विचारत सुटले. शेजारी लग्नाचा हॉल आहे का, कुत्री भुंकतात का, सकाळी मिक्सर किती वाजता लावता? पलीकडच्या बाई वैतागल्या असणार. शेवटी त्यांनी विचारलंच, कुणी आजारी आहे का. मी म्हणाले, "हो, मीच. मला आवाज सोसत नाही."

"मग ताई, समुद्रावर कशाला येताय? तो काय बंद होत नाही हो रात्री!"

मी हसले आणि फोन ठेवला. "माझ्या मुलीला ऑटिझम आहे" हे चार शब्द. जिची कधी भेट झाली नाही त्या बाईलासुद्धा मला सांगता आले नाहीत.

मग तालीम सुरू झाली. तिच्या थेरपीच्या मॅडमनी सांगितलं होतं की नवीन गोष्ट तिच्यावर एकदम टाकायची नाही, आधी चित्रांनी दाखवायची. मी आगगाडी, बस, खोली, समुद्र अशी चित्रं काढली आणि कपाटावर चिकटवली. माझी आगगाडी दुधीभोपळ्यासारखी झाली होती, पण तिनं चालवून घेतली. मोबाइलवर लाटांचा आवाज लावला तर तिनं स्वतःहून तो मोठा केला. जिला मिक्सर सहन होत नाही तिनं! मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी वरणात दोनदा मीठ घातलं.

राहिली रेती. तिला पायाला काही चिकटलेलं खपत नाही. आम्ही राहतो त्या पिपरी मेघ्यात रेतीला काय तोटा, दर दोन घरांआड एक घर बांधून राह्यले लोक. दुपारी मिस्त्री जेवायला गेला की मी तिला शेजारच्या ढिगावर न्यायचे, चपला काढायला लावायचे. आधी रडली, मग पंजे वाकडे करून चालली, मग एक दिवस बसली. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून शेजारीण ओरडली, "काय करून राह्यल्या वो तुम्ही मायलेकी?"

"हिची चप्पल हरवली, शोधतो," मी म्हणाले. दोन्ही चपला माझ्याच हातात होत्या. शेजारणीनं त्या बघितल्या आणि आत निघून गेली. तिनं हसावं तरी, तेही नाही.

खरी घाण मी केली ती फोनवर. सासूबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. "रथसप्तमीच्या आधी येजो वो, पोट्टीलेही आन." त्यांच्याकडे फोन नेहमी स्पीकरवर असतो, सगळं अंगण ऐकतं. मागे जाऊबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. आता फिरायला चाललो म्हटलं तर संपलंच सगळं. आणि माझ्या तोंडून निघालं, "आई, तेव्हा आम्ही नाही. हिला मुंबईकडे मोठ्या डॉक्टरकडे नेतोय."

क्रूझर टळावी म्हणून बोलले, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. असलं लेकरू घेऊन मजा मारायला चालले, असं कुणी म्हणू नये, हे त्याच्या खाली होतं. डॉक्टर म्हटलं की सगळे माना हलवतात. आजारी मुलीची आई म्हणून मला मान होता. आहे तशा मुलीची आई म्हणून मला तोंड लपवावंसं वाटायचं.

आणि मूर्खपणा असा की आपल्या घरची रीतच विसरले. आमच्याकडे फिरायला एक क्रूझर निघते, दवाखान्यात जायचं तर दोन निघतात! पेशंटसोबत माणसं नसली तर लोक काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी सकाळीच भासऱ्यांचा फोन, "मी येतो, परक्या गावात एकट्यानं दवाखाना करू नये." जाऊबाई म्हणाल्या, डबा मी करतो. सासूबाई म्हणाल्या, लहानपणचं सगळं डॉक्टरले मी सांगतो. मी आणखी एक थाप मारली की तो डॉक्टर फक्त आईबापालाच आत घेतो. तेव्हा कुठे सगळे थांबले.

पुढच्या आठवड्यात जाऊबाईंनी हसत हसत सांगितलं, "अवो, आईनं चहा सोडला. पोट्टी चांगली बोलाले लागेपर्यंत घेनार नाई म्हने."

माझ्या सासूबाई म्हणजे चहा. उठल्या उठल्या बशीभर, वावरात जाताना थर्मासमध्ये, बाजारातून भाजी विकून आल्या की पुन्हा. रात्री मी हे यांना सांगितलं.

"सांगून टाक," हे म्हणाले.

"तुम्ही सांगा. तुमची आई आहे."

"खोटं तू बोललीस."

"आणि तुम्ही ऐकत उभे होते!"

भांडण झालं, कुणीच सांगितलं नाही. तिकिटं काढलेली होती, मुलगी रोज चित्रांवर बोट ठेवत होती, आणि मी मनात म्हणत होते की परत आल्यावर बघू.

निघायच्या दिवशी दुपारी दारात सासूबाई उभ्या. निरोप द्यायला एसटीनं एकट्याच आल्या होत्या. झोल्यात वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वाटाण्याच्या शेंगा. मुंबईला निघालेल्या माणसाला वांगी! मी हसू की रडू असं झालं. मुलगी बूट घालून, पाठीला बॅग अडकवून केव्हाची तयार होती. आजी तिला आवडते. आजी हळू बोलते, एका वेळी एक वाक्य बोलते, आणि गालाला हात लावत नाही.

मी स्वयंपाकघरात बाटल्या भरत होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "भिऊ नको बाई. डॉक्टर सुई नाई देनार. नुसता पाहीन."

मी नळ तसाच सोडून बाहेर धावले.

डॉक्टर म्हणजे तिला काय, हे मी कसं सांगू? रक्त काढताना आम्ही तिला दाबून धरलं होतं. डोक्याला वायरी लावल्या तेव्हा पुन्हा धरलं होतं. मी बाहेर आले तोवर तिनं बूट काढून भिंतीशी ठेवले होते आणि ती दिवाणाखाली शिरली होती. "डॉक्टर नाही. डॉक्टर नाही." मग शब्द संपले आणि ओरडणं सुरू झालं. मी कपाटावरची चित्रं काढून आणली, खाली वाकून दाखवली. तिनं ती हातानं भिरकावली.

"डॉक्टर नाहीये बेटा, आपण समुद्रावर चाललो!"

"खोटं नको सांगू लेकराले," सासूबाई मला म्हणाल्या. "वाटंत गेल्यावर समजन तिले, मंग कोनावर भरवसा ठेवन ते? खरं सांग."

ऑटोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. प्रत्येक हॉर्नला दिवाणाखालून किंकाळी येत होती. हे भिंतीकडे तोंड करून उभे. मला वाटलं, जमीन फाटावी. पण जमीन काही फाटली नाही.

"आई, मी तिला खोटं नाही सांगत," मी म्हणाले. "तुम्हाला सांगितलं होतं. डॉक्टर नाहीच कुणी. आम्ही नुसतं फिरायला चाललोय."

सासूबाईंनी आधी यांच्याकडे बघितलं. यांनी मान खाली घातली.

"फिरायले?"

"हो."

"मंग आमाले काऊन नाई सांगितलं?"

"सगळे आले असते. आवाज झाला असता. हिला..."

"मले सांगितलं असतं तं मीच सगळ्याईले थांबवलं असतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "आमची लाज वाटते का तुले? का हिची?"

काहीही बोलून वेळ मारून नेता आली असती. मला येतं ते. पण त्या दिवशी थापा संपल्या होत्या.

"हिची," मी म्हणाले.

यांनी झटकन माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत हे मी यांच्यासमोरसुद्धा बोलले नव्हते. दिवाणाखाली ती ऐकत होती, हे मला बोलून झाल्यावर सुचलं.

सासूबाई यांना म्हणाल्या, जा, त्याचा भोंगा बंद कर आधी. मग भिंतीला धरून खाली बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, खाली बसवत नाही. बसल्या आणि मग सरळ फरशीवर आडव्या झाल्या, लुगड्यासकट, नातीचं तोंड दिसेल अशा. ओरडणं थांबेपर्यंत तशाच पडून राहिल्या. मला ते बघवेना.

"डॉक्टर नाई," त्या म्हणाल्या. "मी चुकली."

थोडं थांबल्या.

"तू पान्यावर चालली."

पुन्हा थांबल्या.

"तुले काई झालं नाई बाई."

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. कुणाकडे बघितलं नाही. बूट घातले, उलटे, आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मी सासूबाईंना हात देऊन उठवलं. म्हणाले, "चहा ठेवते आई, आता तरी घ्या."

"तो मी हिच्यासाठी सोडला, तुह्यासाठी नाई. राहू दे."

लाज इतकी झाली की मी मूर्खासारखी म्हणाले, "तुम्ही पण चला ना."

"आता नको म्हनू," त्या म्हणाल्या आणि झोला रिकामा करायला आत गेल्या.

गाडी मिळाली. प्रवास झाला, वाईट झाला नाही. खोलीच्या मालकीणबाईंना मी पोचल्या पोचल्या सांगितलं की आवाज मला नाही, माझ्या मुलीला सोसत नाही, तिला ऑटिझम आहे. त्या "असं होय" म्हणाल्या आणि गरम पाण्याची बादली कुठे मिळेल ते दाखवलं. एवढंच. एवढ्यासाठी मी काय काय केलं होतं!

किनारा खरंच रिकामा होता. मुलगी बूट काढून सरळ पाण्यापर्यंत गेली. लाट आली, पाय बुडाले, लाट गेली. ती कान न दाबता उभी होती. हात दोन्ही बाजूंना मोकळे. हे लांब रेतीत बसून राहिले, त्यांना रडायचं असलं की ते लांब बसतात.

मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. वाटेत गाडीत मी सासूबाईंचं तेच वाक्य मनात घोळवत आले होते. नऊ वर्षांत मी तिला काय काय म्हटलं होतं. बरी होशील, शहाण्यासारखी वाग, लोक बघताहेत. हे एक वाक्य मात्र कधी म्हटलं नव्हतं. लाट परत जाईपर्यंत थांबले, म्हणजे आवाज कमी असेल. मग म्हणाले, "तुला काही झालं नाही."

ती पाण्याकडेच बघत होती.

"आजी बोलली," ती म्हणाली.

"मी पण बोलतेय."

तिनं मान हलवली. नाही अशी.

"आजी बोलली," ती पुन्हा म्हणाली, आणि पुढच्या लाटेसाठी एक पाऊल माझ्यापासून पुढे गेली.