रुळावरची करवत आणि दोन भावांची भिंत

माझ्या हुशारीचा हा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण चहा तुम्ही पाजताय, तर ऐका!

आचोळ्यात माझं अवजारं भाड्याने द्यायचं दुकान. शाळा नववीत सुटली, पण मशीनचं माहितीपत्रक हातात आलं की मी ते पोथीसारखं वाचतो. घात तिथेच झाला.

भुईगावचे जनार्दनभाऊ दुकानात आले. धाकट्या भावाशी, वसंताशी भांडण झालं तेव्हा दोघांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती. विटांची नव्हे हो, सळ्या टाकून काँक्रीटची! रागही तेवढाच पक्का होता. आता वसंताच्या मुलीचं लग्न ठरलं आणि दोघे पुन्हा बोलायला लागले.

"शेठ, हळद तोंडावर आलीय. भिंतीत दार पाडून द्या. पण हातोडा नको, जुनं घर हादरेल."

मग काय! बसलो मशीन निवडायला. भिंतीवर रूळ बसवायचा, त्यावरून करवत आगगाडीसारखी चालते आणि काँक्रीट सरळ कापते. एकीचं पातं लहान, भिंतीच्या पोटातच अडकेल. दुसरी एवढी अवजड की भुईगावच्या गल्लीत तिचा टेम्पोच शिरणार नाही. पातं, रूळ, मोटर सगळं तपासून तिसरी आणली. स्वतःच्या मुलीला स्थळ बघताना मी इतक्या चौकशा केल्या नव्हत्या!

काप काय सुंदर आला म्हणून सांगू! पात्यावर पाणी सोडल्यामुळे धूळ नाही, हादरा नाही. सुरीने खरवस कापावा तसा. दोन्ही घरांतून टाळ्या पडल्या.

फक्त दार काही दिसेना. कापलेला तुकडा जागच्या जागी उभा! वजनाला दोन म्हशी.

"ढकला!" मी म्हणालो.

माणसं लागली ढकलायला. तुकडा तसूभर हलेना. सगळे घामाघूम झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जनार्दनभाऊ इकडून ढकलतायत आणि वसंता तिकडून!

"अरे वसंता, तू सोड ना!"

"म्हणजे माझ्या घरात पडू दे? नव्या लाद्या आहेत, दादा!"

"मग माझ्या काय फुकट आल्यात?"

"भिंत घालायची हौस तुझीच होती!"

"माझी? आणि सिमेंट कोणी आणलं होतं रे?"

सोडवायला दोघी जावा मधे पडल्या, आणि त्यांचंही जुंपलं. नवरीला रडू फुटलं. आता कोण कुणाच्या हळदीला जाणार, सांगा! आणि मी? पातं केवढं, रूळ किती लांब, सगळं विचारून ठेवलं होतं. तुकडा कुणाकडे पडणार, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

शेवटी नवरीच डोळे पुसत माझ्यावर ओरडली, "काका, अख्खा कशाला पाडताय? मशीन आहे ना तुमच्याकडे? छोटे छोटे कापा!"

अहो, एवढं साधं! पुन्हा रूळ बसवला, तुकड्याचे तुकडे केले. निम्मे या घरात उतरवले, निम्मे त्या. मग कुठे दार उघडलं आणि जावा एकमेकींच्या स्वयंपाकघरात शिरल्या.

हळदीला मला आग्रहाने बोलावलं. तिथे विरारचा एक मोठा बिल्डर आलेला. मी जनार्दनभाऊंना डोळ्यांनी खुणावलं, जरा ओळख करून द्या. बिल्डरने लगेच खिशातून आपलं कार्ड काढलं.

भाऊंनी माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. "हे आमचे शेठ. भिंत होती तोवर आम्ही भाऊ-भाऊ इतकी वर्षं गपगुमान राहिलो. यांनी ती कापली आणि पाच मिनिटांत आमचं भांडण लावलं!"

बिल्डरने कार्ड पुन्हा खिशात ठेवलं.