मेडशीहून नागपूरला, आत्याचे रक्त घेऊन

इंदूआत्या नसती तर मी बी.एस्सी. झालो नसतो. आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून वडिलांच्या या थोरल्या बहिणीने मला मेडशीला आपल्या घरी नेले. दिवसभर लोकांच्या वावरात (शेतात) निंदण करून ती संध्याकाळी माझ्यासमोर बसायची आणि मी मोठ्याने धडा वाचायचो. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून माझे नाव घेतात. त्यातले अर्धे नाव तिचे आहे.

आणीबाणी उठून वर्ष होत आले होते. मी नागपूरला एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. आत्याचा मुलगा सुखदेवदादा याचे पत्र आले. आईचे तोंड सारखे कोरडे पडते, गाल सुजलेत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खुपते. अकोल्याला छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. तरी गाव क्षय म्हणते. ताट-पेला वेगळा केला आहे. नात दोन महिन्यांची झाली, पण आईने तिला अजून मांडीवर घेतलेले नाही.

आमच्या डॉक्टर मॅडमनी पत्र दोनदा वाचले. म्हणाल्या, "कधीकधी शरीर आपल्याच लाळग्रंथींना परके समजते. त्यांच्यावर चालून जाणारी प्रतिपिंडे रक्तात तयार होतात. असा आजार दुसऱ्याला लागत नाही. रक्त आणा, पाहू. पण थंड ठेवून आणा."

रुंद तोंडाच्या थर्मासात बर्फ भरून मी पहाटेची एसटी धरली. कामरगावला एक पागोटेवाले आजोबा शेजारी बसले.

"थर्मासात काय हाय, साहेब?"

"बर्फ."

"थंडीत बर्फ?" त्यांनी मागच्या बाकाकडे वळून सांगितले, "नागपूरचे लोक लई शोकीन!"

कारंज्यापुढे पऱ्हाटीची (कपाशीची) शेवटची वेचणी चालली होती. शेलूबाजारला गाडी बदलली, मालेगावला पुन्हा बदलली, आणि उन्हं कलताना मेडशीला उतरलो.

आत्या अंगणात होती. नेहमी धावत यायची, आज जागची हलली नाही. "दुरूनच बस, बाबू. लागट हाय म्हणतात."

"कोण म्हणते?"

"सारं गाव म्हणून राह्यलं. डॉक्टरनं तपासाले थुंकी मांगली. म्या म्हटलं, बापा, थुंकी असती तं तुयाकडं कायले आली असती?"

जेवायला ज्वारीची भाकर आणि सोल्यांची (तुरीच्या हिरव्या दाण्यांची) भाजी होती. आत्या दारापाशी वेगळी बसून प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घेत होती. मी उठून तिच्या ताटात जेवायला बसलो. सुखदेवदादाच्या बायकोचा, लतावहिनींचा, वाढता हात थांबला.

"भावजी, तुमी उद्या निंघून जासान. लेकरू माया पदरात हाय. लागट नाई असा डॉक्टरचा कागद आना. मी सोता पोरीले त्याइच्या मांडीवर देतो."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

सकाळी आत्याच्या दंडातून दोन नळ्या रक्त काढले, बर्फात ठेवले आणि विहिरीवर आंघोळीला गेलो. परत येऊन थर्मास उचलला तर गरम लागला. झाकण उघडले, गुळाच्या चहाची वाफ तोंडावर आली.

"रस्त्यानं थंडी राह्यते," आत्या म्हणाली. "थंडं पानी भरून होतं, फेकलं म्या."

"आत्या, नळ्या?"

"ठेवल्या ना! चहात टाकीन काय? तिथं रांजणाखाली. दूध तिथंच ठेवतो मी."

रांजणाखालच्या ओल्या वाळूत दोन्ही नळ्या सरळ उभ्या होत्या. रक्त खाली गोठून बसले होते आणि वर रक्तद्रव वेगळा झाला होता, गव्हाच्या काडीसारखा पिवळसर, नितळ. प्रयोगशाळेतसुद्धा इतका स्वच्छ मी क्वचित पाहिला होता. मी तो हलक्या हाताने कोऱ्या नळ्यांत काढून घेतला. आत्याने गडवा (तांब्या) ओल्या वाळूने भरला, त्यात नळ्या रोवल्या आणि वर ओले फडके बांधले.

परतीच्या वाटेवर गडवा मांडीवरून उतरवला नाही. प्रत्येक थांब्यावर फडके भिजवले. चहा कंडक्टरने आणि मी संपवला. "साहेब, गडव्यात तुळस हाय काय?" त्याने विचारले. सांगितल्यावर तो ड्रायव्हरला ओरडला, "अरे, खड्डे पाहून चालव!"

दुसऱ्या दिवशी निरोगी लाळग्रंथीचे पातळ काप काचपट्ट्यांवर घेतले. एकावर आत्याचा रक्तद्रव घातला, तुलनेसाठी दुसऱ्यावर माझा. मग प्रतिपिंडांना चिकटून चमकणारा रंग लावला आणि अंधाऱ्या खोलीत मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. मग उठून मला जागा दिली.

माझ्या पट्टीवर काळोख होता. आत्याच्या पट्टीवर लाळेच्या नलिका हिरव्यागार पेटल्या होत्या.

"नुसत्या एका पट्टीवरून मी बोलले नसते," मॅडम म्हणाल्या. "पण गाल, डोळे, स्वच्छ फोटो आणि हे. आणा कागद, सही करते."

त्या संध्याकाळी मोठ्या अक्षरांत पत्र लिहिले.

प्रिय आत्यास, सप्रेम जयभीम.

सोबत डॉक्टर मॅडमच्या सहीचा कागद आहे. तुला क्षय नाही. तुझा आजार कोणालाही लागत नाही. तुझे रक्त तुझ्याच लाळेवर उठले आहे; यात ना तुझी चूक, ना कोणाची नजर. मुळातून बरे करणारे औषध अजून निघालेले नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. डोळ्यांचे थेंब पाठवतो आहे. पाणी घोट घोट पीत जा, दात जप.

लतावहिनी, तुम्ही हे वाचून दाखवत असाल. इथे थांबा. आधी पोरीला आत्याच्या मांडीवर द्या, मग पुढचे वाचा.

आत्या, घेतलेस? आता तिचा मुका घे.

तुझा,
बाबू