एकतीस वेळा चालतंय

रविवार, आठ फेब्रुवारी, दुपारी साडेतीन. खर्च सहाशे चाळीस रुपये: दूध, भडंगाचं सामान आणि केळी. हजर मी, बायको आणि बोलावलेल्या बारा जणांपैकी चौघे. जागा विश्रामबागेतलं आमचं घर.

बारात चार म्हणजे एकतृतीयांश. बायको म्हणाली, "बारशाला यापेक्षा जास्त येतात."

मी म्हटलं, "बारशाला जेवण असतं."

"मग जेवण ठेवायचं होतं."

ही माणसं आमचं ॲप तपासणारी होती. मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. फावल्या वेळात मी आणि बाहेरगावचे तीन मित्र मिळून द्राक्षबागायतदारांसाठी एक ॲप लिहितो. फवारणी कधी केली, कोणतं औषध मारलं ते त्यात भरायचं. प्रत्येक औषधाचे थांबायचे दिवस ठरलेले असतात. तेवढे दिवस गेल्याशिवाय द्राक्षं तोडायची नाहीत, नाहीतर औषधाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो आणि व्यापाऱ्याच्या तपासणीत माल नापास होतो. आमचं ॲप ते दिवस मोजून तोडणीची तारीख सांगतं. ॲप फुकट आहे, ओपन सोर्स आहे, म्हणजे आतला कोडही कुणीही उघडून पाहावा, बदलावा.

मोठी सुधारणा असली की लोक उत्सुकतेने बघतात. भीती छोट्या अपडेटची. "त्यात काय बघायचं" म्हणून कुणी बघत नाही, आणि चूक नेमकी तिथंच बसलेली असते. दिवाळीच्या आधीच्या एका छोट्या अपडेटमध्ये काही फोनांवर दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली. ते आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. नुकसान कुणाचं झालं नाही, ते नशीब. म्हणून यंदा मी ठरवलं, छोटं अपडेट असलं तरी खऱ्या बागायतदारांनी वापरून पाहिल्याशिवाय ते बाहेर सोडायचं नाही.

या अपडेटमध्ये एकच नवी गोष्ट होती. एकाच टाकीत दोन औषधं मिसळून मारली तर दोन्ही भरता यावीत, आणि ज्याचे दिवस जास्त ते ॲपने धरावेत. जानेवारीच्या मध्याला मी बारा जणांना तपासणीची प्रत दिली आणि सांगितलं, "खोट्या फवारण्या भरू नका, स्वतःच्याच भरा." हे वाक्य माझंच होतं, हे आधीच नोंदवून ठेवतो.

प्रत्येकाला नऊ गोष्टी तपासायच्या होत्या. बारा नव्वे एकशे आठ रकाने. तीन आठवड्यांत एकतीस भरले. एकतीसही रकान्यांत एकच शब्द: चालतंय.

मी ते एकतीस पास धरले. उरलेल्या सत्त्याहत्तरांची काळजी वाटत होती, म्हणून ही बैठक.

चौघांपैकी दोघे विट्याकडचे भाऊ. ते केळी खाऊन अर्ध्या तासात निघून गेले. उरले दोघे. एक मिरजेच्या पूर्व भागातले सत्तरीचे जैन बागायतदार, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. दुसरे खंडाळा तालुक्यातले निवृत्त सुभेदार. ते सकाळी निघून तीन वाजून पंचवीस मिनिटांनी दारात हजर झाले होते, आणि आल्या आल्या त्यांनी फोन चार्जिंगला लावला होता.

"साहेब, माझा रिपोर्ट ओके आहे," सुभेदार म्हणाले. "परवा मंगळवारी तोडणी. ॲपनं दहा तारीख दिली, दहाला तोडणार."

अण्णा हसले. "सुभेदार, त्येनं मध्यरात्री तोडा म्हटलं तर?"

"आदेश आला की तोडणार, अण्णा. पलटणीत विचारायची सवय न्हाई."

"आमच्यात बायकोचा आदेश आला तरी धा जणांस्नी विचारत्यात."

मी विचारलं, "अण्णा, तुमच्याकडे दोन औषधांचं कसं आहे?"

"चालतंय की," अण्णा म्हणाले आणि खिडकीतून उन्हाकडे बघू लागले. त्यांना दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं होतं. बायकोने त्यांच्यासाठी लसूण न घातलेलं भडंग वेगळं केलं होतं. तिने विचारलं, "अण्णा, बरं झालंय ना?"

"चालतंय की, वहिनी. झ्याक."

पावणेपाचला अण्णा गेले, त्यांच्यामागून सुभेदार. बशा उचलताना बायको थांबली. अण्णांची बशी जवळजवळ भरलेली होती. तिने दोन शेंगदाणे तोंडात टाकले आणि तोंड वाकडं केलं.

"खवट आहेत. सगळे खवट. आणि ते झ्याक म्हणून गेले."

"चालतंय म्हणाले," मी म्हटलं.

"अहो, अण्णांचं चालतंय म्हणजे सोसतंय."

मी हसलो. मग संगणक उघडून पुन्हा तो तक्ता बघितला आणि माझं हसू गेलं. मी इथेच जन्मलो, इथेच वाढलो. सासुरवाडीला खारट आमटी मीही 'चालतंय' म्हणून खाल्ली आहे. घरमालकाच्या गळक्या नळालाही आम्ही सहा वर्षं 'चालतंय' म्हणत होतो. आणि त्याच शब्दाचा अर्थ मी तक्त्यात 'बरोबर आहे' असा धरला होता. एकतीस वेळा.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी अण्णांच्या बागेत गेलो. अण्णांनी फोन दाखवला नाही, घरात नेऊन भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. एक फेब्रुवारीवर लाल टिकली, तीन मार्चवर दुसरी.

"ही माझी तोडणी. मधी तीस दिवस."

"आणि ॲप काय म्हणतंय?"

अण्णा जरा अवघडले. "त्ये सोळा फेब्रुवारी म्हणतंय. ते पंधराच दिवस धरतंय. मी न्हाई ऐकत त्याचं."

"कधीपासून?"

"तुमी दिलं तवापासनं. पयल्या फवारणीपासनं."

मी तिथेच पायरीवर बसलो. अण्णांनी पंधरा दिवसांचं औषध आधी भरलं होतं, तीस दिवसांचं नंतर. मी त्यांच्या फोनवर उलट्या क्रमाने भरून पाहिलं. तीन मार्च आली. आमचं ॲप जास्त दिवसांचं औषध धरत नव्हतं, पहिलं भरलेलं औषध धरत होतं. मी स्वतः बेचाळीस वेळा तपासलं होतं, पण मला मोठा आकडा आधी लिहायची सवय आहे. बेचाळीसही वेळा मी मोठाच आधी लिहिला होता. बागायतदार मात्र टाकीत जे औषध आधी ओततो तेच आधी भरतो.

"अण्णा, मला सांगितलं का नाही?"

"आवं, कसं सांगायचं? तुमी राबून फुकट दिलंयसा. धरमाच्या गाईचं दात कोन मोजतं? चार पैसं घेतलं असतंसा तर दारात यून भांडलो असतो."

"भांडायलाच तर बोलावलं होतं."

"वहिनींनी भडंग पुढं केलं. भडंग खाऊन भांडू?"

तेव्हा मला सुभेदार आठवले. त्यांच्याकडे लाल टिकल्यांचं कॅलेंडर नव्हतं. त्यांच्याकडे आदेश होता. त्यांनी भरलेली नोंद मी अण्णांच्या पायरीवर बसूनच उघडली. फवारणी वीस जानेवारी. पहिलं औषध एकवीस दिवसांचं, दुसरं तीस दिवसांचं. तोडणी हवी एकोणीस फेब्रुवारीला. ॲपने दिली होती दहा. म्हणजे उद्या.

मी फोन लावला. वाजत राहिला. सात वेळा लावला. बागेतून निघालो, घरी येऊन आठव्यांदा लावला, तर आमच्याच सोफ्यात काहीतरी घरघरलं. बायकोने उशी बाजूला केली. चार्जरच्या टोकाला सुभेदारांचा फोन होता, आवाज बंद केलेला.

त्याला कुलूप होतं. पडद्यावर एका अनोळखी नंबरचे रविवारचे पाच मिस्ड कॉल. त्यावर फोन केला तर एक गृहस्थ म्हणाले, "एसटीत एका मिशावाल्या बाबांनी माझा फोन मागितला होता. कुठं उतरले काय माहीत." त्या गावात माझ्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं. तीन मित्रांना अपडेट थांबवायला सांगितलं, बाकीच्या दहा तपासणाऱ्यांना एकेक करून फोन केले. कुणाचीच तोडणी जवळ नव्हती. राहिला तो एकच माणूस, ज्याचा फोन माझ्या टेबलावर होता.

मंगळवारी पहाटेची पहिली एसटी धरली. साताऱ्याला गाडी बदलली. वाटेत मी एकच हिशेब पुन्हा पुन्हा केला: दव वाळल्याशिवाय तोडणी सुरू होत नाही, म्हणजे आठ. मी पोचणार साडेनऊला. दीड तासात किती घड उतरतात? ते घड कुणाच्या घरी जातात? कुणाच्या नातवंडाच्या हातात? खिडकीबाहेर काहीतरी बघावं म्हटलं, पण नजर घड्याळाकडेच जात होती.

बागेत पोचलो तेव्हा नऊ बायकांची टोळी तोडणीला लागलेली होती आणि बांधावर अकरा क्रेट भरलेले होते. सुभेदार मला बघून सावधान झाल्यासारखे उभे राहिले.

"साहेब, तुमी? फोन द्यायला इतक्या लांब?"

"सुभेदार, तोडणी थांबवा. ॲप चुकलंय. नऊ दिवस कमी मोजले."

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. वळून ओळींकडे तोंड केलं आणि ओरडले, "थांबा! कात्र्या खाली!" मग मी आणलेला त्यांचा फोन घेऊन त्यांनी व्यापाऱ्याला कळवलं. पलीकडून बराच आवाज आला. सुभेदार फक्त म्हणत होते, "वीस तारखेला या. न्हाईतर नका येऊ." अकरा क्रेट त्यांनी खड्ड्यात ओतून माती लोटली. मी त्या मालाचे पैसे देतो म्हटलं, तर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आदेश मीच पाळला न्हवं? त्येचं मी बघतो. पर साहेब, एक सांगतो. पुढच्या टायमाला आदेश देऊ नका. काय खटकतंय ते इचारा."

तक्त्यात आता तेच आहे. 'चालतंय का' हा रकाना काढला, त्या जागी 'काय खटकलं' असा केला, आणि तिथे 'चालतंय' लिहिलं तर तो रकाना रिकामा धरतो. वीस तारखेला व्यापारी आला, नमुना पास झाला, माल गेला. हे मला नंतर कळलं. त्या मंगळवारी बागेत उभा होतो तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तेव्हा एवढंच दिसत होतं की नऊ बायका डब्याच्या पिशव्या घेऊन बांधावर उभ्या आहेत. टोळीची म्होरकी पन्नाशीची बाई होती. ती म्हणाली, "आमी दुसरी बाग सोडून आलू. हजेरी लागलीया."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "किती?"

"बाईमागं चारशे."

नऊ चोक छत्तीस. तीन हजार सहाशे. सुभेदार मध्ये पडले, पण मी ऐकलं नाही. खिशातून पैसे काढून दोनदा मोजले आणि तिच्या हातात दिले. तिने बोटाला थुंकी लावून एकदाच मोजले.

"बरोबर आहेत का?"

"चालतंय," ती म्हणाली.

मी जागचा हललो नाही. "मावशी, चालतंय म्हणजे काय? काय खटकलं?"

ती बाकीच्या बायकांकडे बघून हसली. मग मधली एक नोट ओढून पुढे धरली. "ही पाचशेची फाटकी हाय. घडीवर. पर चालंल, दुकानदार घितोय."

मी ती नोट परत घेतली आणि दुसरी दिली. तीन हजार सहाशे रुपये, दहा फेब्रुवारी, नऊ बायकांची एक दिवसाची हजेरी, टोळीच्या म्होरकीच्या हातात.