वेल्डरची चौकशी

आमच्या कॅम्पातून दुर्गच्या कॉलेजात जाणारी मुलगी मी एकटीच होते, आणि ही गोष्ट मला दिवसातून तीनदा तरी ऐकवली जाई. सकाळी डबा देताना आई ऐकवी, संध्याकाळी नळावर बाया ऐकवत, आणि मध्येच कधीतरी वडील, तेही अभिमानानं. साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. भिलाईचा कारखाना अर्धा चालू होता आणि अर्धा अजून उभा राहत होता. वडील क्रेनवर खलाशी होते, ओझी बांधून वर चढवणारे. भंडारा-नागपूरकडून आलेली आमची माणसं क्वार्टरांच्या एकाच लाइनीत राहत, आणि या टोकाला कोणी शिंकलं तर त्या टोकाला कळे.

वडिलांशी माझा करार होता. बी.ए. होईस्तोवर ते माझ्यासाठी स्थळ शोधणार नव्हते. पण चांगलं स्थळ आपल्या पायानं दारात आलं, तर मी नाही म्हणायचं नाही. मी हसत हो म्हटलं होतं. खलाशाच्या पोरीसाठी दारात चालत कोण येतो?

कॉलेजात आम्हाला हिंदी रचना हा विषय होता. शिकवणारे सर उंच, कोरडे, आणि विनोदाशी हाडवैर असलेले. माझा पहिला निबंध होता कारखान्यावर. ‘हा कारखाना देशाची शान आहे आणि इथला प्रत्येक कामगार आनंदी आहे’ असं मी झोकात लिहिलं होतं. सरांनी त्याखाली लाल शाईनं तीन प्रश्न लिहून वही परत केली. किसने बताया? कब बताया? आपने देखा?

मला रागच आला. शाळेत असल्याच वाक्यांवर मला पैकीच्या पैकी मिळत आले होते. पण रात्रभर काम करून आलेले वडील सकाळी भिंतीला टेकून बसायचे, त्यांच्याकडे पाहिलं आणि वाटलं, खरंच, आनंदी आहेत हे मला कोणी सांगितलं?

मग सरांनी सत्राचं मोठं काम दिलं. एक माणूस निवडायचा आणि त्याच्या कामावर नि दिवसावर दहा पानं लिहायची. फक्त त्याच्याच बोलण्यावर विसंबायचं नाही. त्याला ओळखणाऱ्या तिघांना वेगवेगळं गाठून विचारायचं. एका माहितीला एक चिठ्ठी, तिच्यावर सांगणाऱ्याचं नाव आणि दिवस. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, आणि अंदाज असेल तर तसं कबूल करायचं. मी वडिलांच्या ड्युटीच्या बुटांचा खोका कापून पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या.

माणूस निवडला तो आमच्यापासून चार दारं सोडून राहणारा वेल्डर. एकटाच होता, भंडाऱ्याकडचा, आमच्याच समाजाचा. त्याला निवडायचं कारण एवढंच, की लाइनीतल्या इतर पुरुषांना दिवस कसा जातो म्हणून विचारलं की ते साहेबाला शिव्या द्यायला लागत. हा विचारलं तेवढ्याचं उत्तर देई, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणे. त्याच्या पायरीसमोर मी वही घेऊन उभी राहायची आणि आई आमच्या दारातून तांदूळ निवडत पाहायची. उंचावर चढल्यावर भीती वाटते का? वाटते. मग काय करता? खाली पाहत नाही. डोळे जळतात का? जळतात, मग बटाट्याचे काप ठेवतो. हे सगळं मी चिठ्ठ्यांवर उतरवलं.

पुढे तिघं. पहिली, तो जेवायचा त्या खानावळीची मावशी. तो काय खातो, वेळेवर येतो का, कधी पिऊन येतो का, सगळं विचारलं. दुसरा त्याच्या गँगचा जमादार. खाडे करतो का, भांडतो का, कामात हात कसा आहे. तिसरा रेल्वेत पॉइंट्समन असलेला त्याच्या गावचा माणूस. घरी कोण कोण आहे, लहानपणी कसा होता. मावशीनं मध्येच विचारलं, “कावून विचारून राहिली वं पोरी?”

“कॉलेजसाठी.”

“हो माय, कॉलेजसाठी,” असं म्हणून ती गोड हसली आणि तिनं मला भज्यांची पुडी बांधून दिली. मला वाटलं, बाईला शिक्षणाबद्दल केवढा आदर!

आता लिहिताना स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. आमच्याकडे लग्न ठरवताना मुलाची चौकशी तीन ठिकाणी करतात. कामावर, जेवतो तिथं आणि गावात. गावाकडे हे काम काका-मामा करतात. पण या नव्या नगरात कोणाचे काका-मामा होते? सगळेच कालपरवा गाडीतून उतरलेले. मग शिकलेली पोरगीच वही घेऊन निघाली, यात लाइनीला काही नवल वाटलं नाही. उलट वाटलं ते कौतुक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी असं रीतसर, चिठ्ठ्यांवर तारखा घालून केलं.

सरांनी माझी दहा पानं वर्गात वाचून दाखवली. त्या दिवशी दुर्गहून परत येताना मी हवेत होते. लाइनीत शिरले तर आमच्या दाराशी नवी चप्पल. आत एक म्हातारी बसली होती. तिनं माझ्या हनुवटीला हात लावला आणि बोटं कडाकडा मोडली.

“माया पोराची येवढी चौकशी कोनी केली नाई माय,” ती म्हणाली. “त्यानं पत्र धाडलं तशी पहिल्या गाडीनं आली मी.”

ती वेल्डरची आई होती. तिनं गुळाची भेली आणली होती आणि हिरवं लुगडं.

मला आधी काही कळेना. कळलं तेव्हा मी आईकडे पाहिलं. आई तोंडभर हसत होती. वडील खाटेवर ताठ बसले होते, क्रेनचं मोठं ओझं बिनधक्क्यानं खाली उतरल्यावर बसत तसे. म्हातारी जवळच्या सुपेल्याला नात्यातल्या घरी मुक्कामाला गेली. मी म्हटलं, “बाबा, ते कॉलेजचं काम होतं. दुसरं काही नाही.”

“वाचून दाखव,” ते म्हणाले. त्यांना सहीपुरतं लिहिता येई. मी ती हिंदी पानं मराठी करत वाचली. कधी खाडा नाही. शिवी नाही. धम्मदीक्षेच्या वेळी घेतलेलं शील पाळतो, दारूला शिवत नाही, असं तिघांनी वेगवेगळं सांगितलं. आई मरणाच्या दारात होती तेव्हा महिनाभर स्वतः रांधून तिला भरवलं, असं गावचा माणूस सांगतो. मी इतकं चांगलं लिहिलं नसतं तर किती बरं झालं असतं!

“याच्यात काही खोटं लिहिलं काय तू?”

“नाही.”

“मंग?”

“मला लग्न नाही करायचं. मला शिकायचंय.”

वडील चिडले नाहीत, हेच वाईट. समजावणीच्या सुरात म्हणाले, “पोरी, तीन जागी चौकशी केली. माय गावावरून लुगडं घेऊन आली. आता नाही म्हटलं तं लोक काय म्हनतील? पोराले काही रोग असंल, नाही तं गावात दुसरी बायको असंल. त्याले एक लहान बहीन हाये लग्नाची, तूच लिहिलं. तिले कोन करंल? खोट असंल तं दाखव, मी उद्या लुगडं वापस करतो. नसंल तं हो म्हन.”

करार त्यांनी पाळला होता. स्थळ खरोखरच पायानं चालत आलं होतं, मीच बोलावल्यासारखं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. हो म्हणावं तर कॉलेज संपलं. नाही म्हणावं तर एका सरळ माणसाच्या आणि मी कधी न पाहिलेल्या मुलीच्या नावाला बट्टा. मला त्याचा राग नव्हता, आणि सांगायला हरकत नाही, दुसऱ्या कुठल्या वर्षी तो आला असता तर मी खुशीनं हो म्हटलं असतं. पण त्या वर्षी माझ्यात कुठेतरी आत नवं काही फुटलं होतं. एखादं वाक्य खरं आहे की नाही हे तपासता येतं, आणि ते आपल्याला तपासता येतं, ही चटक नुकतीच लागली होती. ती सोडून चुलीपुढे बसायची कल्पनाच मला सहन होईना. आठ दिवस लाइनीत जो तो माझ्याकडे पाहून हसत होता आणि घरात बांगड्यांच्या मापाचं बोलणं निघालं होतं. वर्गात सर काय शिकवत होते ते एक अक्षर आठवत नाही.

रविवारी सुपेल्याच्या बाजारात मी त्याला गाठलं. तो पिशवीत कांदे भरून घेत होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. की ते खरंच कॉलेजचं होतं, की मला माफ करा, की मला परीक्षा द्यायची आहे.

त्यानं कांदे भरायचे थांबवले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“मले वाटलं, इतकं कोन कोनाले विचारते,” तो म्हणाला. “मी मायले पत्र टाकून देल्लं.”

मी रडायला लागले. भाजीवाली पाहू लागली तसा तो दोन पावलं बाजूला झाला, मीही झाले.

“काका काय म्हनतात?” माझ्या वडिलांना तो काका म्हणे.

“खोट दाखव म्हणतात.”

तो विचार करू लागला. जोड कुठे द्यायचा हे ठरवण्याआधी तो पत्र्याकडे असाच बघत असणार.

“रोग नका सांगू,” तो म्हणाला. “रोग म्हटलं तं बहिनीचं बी जमनार नाही. मी पितो म्हना. पिनं सुटते.”

“पण तुम्ही तर पीत नाही. तिघांनी सांगितलंय.”

“तिघाइले ठाऊक नसंल. मीच सांगतो ना तुमाले, मी पितो.” आणि थोडं थांबून, “लिहून घ्या. काका लिहिलेलं मानतात.”

मी नाही म्हणायला हवं होतं. ते लग्न केलं असतं तरी एवढं बिघडलं नसतं कदाचित. निदान मी बापासमोर उभं राहून सांगायला हवं होतं, की त्याच्यात खोट नाही, मलाच नको आहे, आणि लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. घरी आल्यावर मी एक कोरी चिठ्ठी घेतली. ‘दारू पितो. त्यानं स्वतः सांगितलं. रविवार, सुपेला बाजार.’ सगळ्या नियमांत बसणारी चिठ्ठी होती ती.

वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली. तरुणपणी ते स्वतः पीत. दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी थेंबालाही हात लावला नव्हता, आणि जो शील घेऊन मोडतो त्याच्या सावलीला ते उभे राहत नसत. हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक असणार.

“असा नव्हता वाटला,” एवढंच म्हणाले. लुगडं त्यांनी स्वतः सुपेल्याला नेऊन दिलं आणि म्हातारीला कारण सांगितलं. ती काय म्हणाली ते त्यांनी घरी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. आईनं डबा दिला. मी वडिलांच्या मागोमाग निघाले. नळावर तो बादली लावून उभा होता. आमच्या लाइनीत भांडण असो, मयत असो, कोणी केलेला नमस्कार बिनउत्तराचा राहत नसे. त्यानं बादली खाली ठेवली, हात जोडले आणि रोजच्यासारखा मोठ्यानं म्हणाला, “जय भीम, काका.”

वडील त्याच्याकडे न पाहता पुढे गेले. नळावरच्या बायांनी ते पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान थोडी हलवली, जा असं सांगितल्यासारखी. मी वह्या छातीशी धरून गेले, आणि मला वेळेवर गाडी मिळाली.