कवडूच्या मागाचं जतन

१९७३ साली कोष्ट्यांच्या त्या मोहल्ल्यात घरपट्टीवर नवा अधिभार बसला. वस्तीतल्या जुन्या वस्तू जतन करायला. कुरकुरत का होईना, लोकांनी तो भरला. पण जतन करावं असं काही उरलंच नव्हतं. जुनी विहीर बुजली होती आणि वेशीचे दगड घरोघरच्या पायऱ्यांना लागले होते.

वॉर्ड कचेरीतले गणपतराव चार दिवस गल्ल्या धुंडत फिरले. शेवटी त्यांना कवडूच्या घरातून खटखट ऐकू आली. मोहल्ल्यात हातमाग चालवणारा तो एकटाच राहिला होता. बाकीचे कोणी खापरखेड्याच्या वीजघरात लागले होते, कोणी कामठीच्या यंत्रमागांवर.

गणपतरावांनी मागाभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली : ‘संरक्षित. हात लावू नये.’

“साहेब, लुगडं अर्धं हाये,” कवडू म्हणाला. “गोदूबाईच्या पोरीच्या लग्नाचं. तेवढं पुरं करू द्या.”

“आहे त्या स्थितीत जतन करायचं, असा ठराव आहे. अर्धं म्हणजे अर्धंच.”

कवडू दोरीबाहेर बसून मागाकडे पाहू लागला. तीस वर्षं चालणाऱ्या हातांना काम नव्हतं. जेवतानाही उजवा हात धोटा फेकल्यासारखा आपोआप हलायचा, आणि वरण सांडायचं.

“काहून असे बसून राहिले?” बायको कौशल्या म्हणाली.

“आपला माग आपल्यापासून वाचवाले आपणच पट्टी भरून राहिलो वं. हेच समजून घेऊन राहिलो.”

आठव्या दिवशी कौशल्येनं दोरी सोडली. “इना मंग,” एवढंच म्हणाली. कवडूनं तीन दिवसांत लुगडं पुरं केलं. तिनंच ते मागावरून कापून गोदूबाईकडे पोचवलं.

महिन्यानं गणपतराव तपासणीला आले. रिकामा माग पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पंचनामा केला. मग कवडूला नोटीस आली : संरक्षित वस्तू पंधरा दिवसांत पूर्वस्थितीत आणावी.

कवडूनं ती दोनदा वाचून घेतली आणि गणपतरावांना गाठलं.

“पूर्वस्थिती म्हणजे अर्धं लुगडं ना साहेब?”

“तेच.”

“मंग ते इनाच लागते.”

गणपतराव विचारात पडले. नियमात दुसरी वाट दिसेना. कवडूनं नवा ताणा चढवला आणि बरोबर अर्ध्यावर थांबला. गणपतरावांनी फूटपट्टीनं मोजलं, ‘पूर्वस्थिती प्राप्त’ असं लिहून सही केली. ते गल्लीबाहेर पडताच खटखट सुरू झाली.

पुढं दहा वर्षं असंच चाललं. लुगडं पुरं व्हायचं, विकलं जायचं, पंचनामा व्हायचा, नोटीस यायची. यंत्रमागापुढं हातमागाचं लुगडं कोण घेतं, असं म्हणणारे रामटेकहूनही गिऱ्हाईक आलेलं पाहू लागले. सरकारी पाटीखालचं लुगडं म्हणून बायका ते मागून नेत.

एका वर्षी मात्र नोटीस लांबली. मागावर काही नव्हतं, आणि नोटिशीवाचून ताणा चढवावा की नाही हे कवडूला कळेना. तो कचेरीत गेला, गणपतरावांच्या टेबलाशी उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, माह्यावर कारवाई करा.”

गणपतरावांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्यासमोरच नोटीस टाइप करायला घेतली.