लसूणघासाची आई

बाटलीत वाढवलेली लसूणघासाची, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याची, रोपं आईवर गेलीत की नाही, ते तपासायचं, हे खालापूरच्या प्रयोगशाळेतलं माझं काम. आई म्हणजे मूळ झाड. त्याच्या देठाच्या तुकड्यांपासून शेकडो रोपं होतात, आणि ती सगळी त्याच्यासारखीच निघायला हवीत. बाटलीत फार दिवस राहिलं की एखादं रोप आतून बदलतं. वरून ते कळत नाही. म्हणून पानातला डीएनए काढायचा, विजेच्या जोरावर जेलच्या थरातून चालवायचा आणि त्यात उमटलेले पट्टे आईच्या पट्ट्यांशी जुळवून बघायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे काम मी ताठ मानेनं करते.

त्या खेपेला वीस रोपं तपासली. वीसही एकमेकांशी तंतोतंत जुळली, पण आईशी एकही जुळेना. पुन्हा चालवलं तरी तेच. प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर सगळी खेप टाकून द्यायची." आठ महिने सांभाळलेली रोपं होती ती.

बदल झालाच तर एखाद्यात होईल, विसांच्या विसांत एकसारखा कसा होईल? मी उठून बाहेरच्या हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये आईची कुंडी बघायला गेले. रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावायचं काम करणाऱ्या कुंभिवलीच्या मावशी तिथं पाणी घालत होत्या.

"मावशी, ही कुंडी हलवली होती का कधी?"

"कुंडी नाय गं हलवली."

"मग काय हलवलं?"

त्यांनी झारी खाली ठेवली. "मे महिन्यात मी लग्नाला गेले होते ना, तवा कुणी पाणीच नाय घातलं. आले तर ही वाळून काडी झालेली. तुझा साहेब मलाच बोलला असता. मग घरच्या वाफ्यातलं एक आणून लावलं. घासच हाय ना?"

"बियाचं होतं?"

"मग काय बाटलीतलं? आमी बियाच टाकतो."

बियापासून आलेलं लसूणघासाचं एक झाड दुसऱ्यासारखं नसतं. मधमाशी कुणाचा पराग कुठं नेईल, सांगता येत नाही. आमच्या रोपांचे तुकडे मे महिन्याच्या आधीच, मूळ झाडावरून घेतलेले. म्हणजे पोरी खऱ्या होत्या, आईच बदलली होती.

राग आला, पण बोलायला तोंड नव्हतं. लेबल मी कुंडीला लावलं होतं, झाडाला नाही. काम सुरू करताना मूळ झाडाची पानं फ्रीजरमध्ये मीच ठेवली होती. ताज्या पानाचा डीएनए साफ निघतो म्हणून ती सोडून मी कुंडीतलं पान खुडलं होतं.

फ्रीजरमधल्या पानाचा डीएनए जेलवर चालवला. आई आणि वीस पोरी, सगळ्यांचे पट्टे एका ओळीत. सरांना सगळं सांगितलं, लेबलाचंही. ते मावशींना बोलले, मला जास्त बोलले. खेप वाचली.

दुसऱ्या दिवशी कुंडीतलं झाड उपटायला गेले, तर मावशी म्हणाल्या, "राहू दे गं, म्हशीला नेते. ती कुठं पट्टे बघते?"

मी लेबल सोडवून घेतलं आणि झाड त्यांना दिलं.